हिमसागरातील विद्यार्थी : विल्यम स्कोर्सबी

कशेडीच्या परिसरातून समुद्र दिसत नाही. चहूकडे डोंगर, दाट झाडी आणि पावसाळ्यात घाटावर उतरणारे धुके, एवढेच तेथे नजरेस पडते. तरीही तो प्रदेश समुद्रापासून फार दूर नाही. पोलादपूर आणि महाड या गावांजवळून वाहणारी सावित्री नदी पुढे बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्राला जाऊन मिळते. या समुद्रात देवमासे संचार करतात. २०१५ सालच्या जून महिन्यात रायगड जिल्ह्यातील रेवदंड्याच्या किनाऱ्यावर सुमारे ४२ फूट लांबीचा एक निळा देवमासा येऊन पडला होता. माणसांनी त्याला पुन्हा पाण्यात लोटण्याची पराकाष्ठा केली. परंतु तो वाचला नाही. एवढा अजस्र जीव डोळ्यांसमोर पाहिला म्हणजे मनात नाना प्रश्न उभे राहतात. हा मासा की पशू? हा श्वास कसा घेतो? एवढ्या मोठ्या देहाचे पोषण कशावर होते? सव्वादोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधील एका खलाशाच्या मुलाला हेच प्रश्न पडले होते. त्यांची उत्तरे शोधण्यासाठी त्याने आपल्या तारुण्यातील बहुतेक उन्हाळे उत्तरध्रुवाकडील बर्फाळ समुद्रात घालविले. त्याचे नाव विल्यम स्कोर्सबी.

विल्यमचा जन्म ५ ऑक्टोबर १७८९ रोजी इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यातील क्रॉप्टन या खेड्यात झाला. जवळच समुद्रकाठी व्हिटबी हे बंदर होते. त्या काळी रॉकेल किंवा वीज यांपैकी काहीच नव्हते. शहरांतील दिवे देवमाशाच्या चरबीपासून काढलेल्या तेलावर जळत. त्याच्या तोंडातील लवचिक पट्ट्यांपासून छत्र्यांच्या काड्या आणि अशाच अनेक वस्तू तयार होत. त्यामुळे देवमाशांची शिकार हा व्हिटबीतील मोठा धंदा होता. वसंत ऋतू उजाडला की जहाजे उत्तरेकडे निघत आणि उन्हाळा सरता सरता परत येत. काही जहाजे बर्फात चिरडून जात आणि ती परत येतच नसत.

विल्यमच्या वडिलांचे नावही विल्यमच होते. या धंद्यातील ते एक नामांकित कप्तान होते. उंच डोलकाठीच्या टोकावर बसून बर्फातील वाट आणि दूरवरचे देवमासे न्याहाळणाऱ्या खलाशाला तेथील वारा अक्षरशः गोठवून टाकी. हे पाहून वडिलांनी १८०७ साली पिंपाच्या आकाराचा, चारही बाजूंनी बंद असा एक आडोसा तयार करून डोलकाठीवर बसविला. खलाशी त्याला कावळ्याचे घरटे म्हणत. ध्रुवसमुद्रात जाणाऱ्या जहाजांवर पुढे अशी घरटी सर्रास दिसू लागली. अडचण दिसली की तिच्यावर उपाय शोधायचा, ही वृत्ती मुलाने बापापासूनच उचलली.

१८०० साली वडिलांचे ‘डंडी’ नावाचे जहाज प्रवासाला निघण्याच्या तयारीत होते. दहा वर्षांचा विल्यम ते पाहावयास जहाजावर गेला होता. किनाऱ्याकडे परतण्याची वेळ झाली, तेव्हा त्याचा पाय जहाजावरून काही केल्या निघेना. अखेर वडिलांनी त्याला आपल्याबरोबर नेले. त्या प्रवासात त्याने रात्रीदेखील न मावळणारा सूर्य पाहिला, हिमाचे तरंगते डोंगर पाहिले आणि पाण्यातून वर येऊन धुराच्या लोटासारखा श्वास सोडणारे देवमासेही पाहिले. परत आल्यावर तो पुन्हा शाळेत जाऊ लागला. पण त्याचे मन उत्तरेच्या समुद्रातच गुंतले होते.

१८०३ साली तो ‘रिझोल्यूशन’ या जहाजावर शिकाऊ खलाशी म्हणून दाखल झाला. दोर ओढणे, शिडे बांधणे, होकायंत्र पाहून जहाजाची दिशा राखणे ही सर्व कामे त्याने हातांनी करून शिकून घेतली. १८०६ च्या मे महिन्यात हे जहाज बर्फाच्या पट्ट्यांतून वाट काढीत साडेएक्याऐंशी अंश उत्तर अक्षांशापर्यंत जाऊन पोहोचले. तेथून उत्तरध्रुव सुमारे साडेनऊशे किलोमीटरच दूर होता. त्या बाजूच्या समुद्रात इतक्या उत्तरेस गेल्याची विश्वसनीय नोंद त्यापूर्वी नव्हती, आणि पुढे जवळजवळ एकवीस वर्षे हा विक्रम अबाधित राहिला. त्या वेळी विल्यम सोळा वर्षांचा होता, आणि वडिलांच्या खालोखाल जहाजावरील मुख्य अधिकारी होता.

एवढ्या लहान वयात असा मान मिळालेला मुलगा सहज गर्वाने फुगून गेला असता. विल्यमला मात्र स्वतःच्या अज्ञानाची जाणीव होऊ लागली. समोर दिसते ते सारे आपण पाहतो, पण त्यामागील कारण आपल्याला कळत नाही, हे त्याला बोचू लागले. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात जहाज बंदरात विसावले, तेव्हा त्याने एडिंबरोच्या विद्यापीठात नाव घातले आणि पदार्थविज्ञान व रसायन या विषयांचा अभ्यास सुरू केला. तेथील प्राध्यापक रॉबर्ट जेमिसन यांनी या खलाशी विद्यार्थ्याचे गुण ओळखले. जे इतर विद्वानांनी केवळ पुस्तकांत वाचले होते, ते याने प्रत्यक्ष पाहिले होते. त्याने जे पाहिले ते नीट मोजावे आणि लिहून ठेवावे, असे उत्तेजन जेमिसन यांनी त्याला दिले. पुढे लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याशीही त्याचा परिचय झाला. उन्हाळ्यात समुद्र आणि सवड मिळेल तेव्हा ग्रंथ, असा त्याचा क्रम सुरू झाला.

देवमाशांविषयी त्या काळी लोकांत अनेक अद्भुत कल्पना रूढ होत्या. दीडशे, दोनशे फूट लांबीच्या ग्रीनलंडच्या देवमाशांची वर्णने मोठमोठ्या ग्रंथांतही आढळत. स्कोर्सबीने अशा गोष्टींवर विश्वास ठेवला नाही, आणि न तपासता त्या खोट्याही ठरविल्या नाहीत. त्याने मोजपट्टी हाती घेतली. ज्यांच्या शिकारीत त्याने स्वतः भाग घेतला होता अशा ३२२ देवमाशांपैकी एकही ६० फुटांहून लांब नव्हता. त्याने प्रत्यक्ष मोजलेला सर्वांत मोठा देवमासा ५८ फूट लांबीचा होता. कशेडीचा घाट चढणाऱ्या एस.टी.च्या गाडीची लांबी ध्यानात घेतली, तर हा प्राणी तशा दीड गाड्यांएवढा भरतो. हेही आकारमान काही लहान नव्हे. पण दोनशे फुटांची कल्पना आणि अठ्ठावन्न फुटांचे सत्य यांत केवढे अंतर आहे! निळा देवमासा ही निराळी जात असून ती याहून पुष्कळ मोठी होते. ग्रीनलंडच्या देवमाशाचे खरे माप मात्र स्कोर्सबीच्या चिकाटीमुळेच जगाला कळले.

देवमाशाला नावाने आपण मासा म्हणतो खरे, परंतु तो मासा नव्हे. माशाला कल्ले असतात, देवमाशाला फुप्फुसे असतात. म्हणून हवा घेण्यासाठी त्याला ठराविक वेळाने पाण्याच्या पृष्ठभागावर यावेच लागते. तो डोक्यावरील छिद्रांतून पाण्याचे कारंजे उडवितो, अशी सर्वसाधारण समजूत होती. ते पाणी नसून श्वासाबरोबर बाहेर पडणारी दमट वाफ असते, असे स्कोर्सबीने स्पष्ट केले. थंडीच्या दिवसांत आपल्या तोंडातून निघणारी वाफ दिसते, तसाच हा प्रकार आहे. देवमाशाची मादी एका वेळी बहुधा एकाच पिल्लाला जन्म देते आणि त्याला आपले दूध पाजते. त्याच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. बर्फाच्या पाण्यात शरीराची ऊब त्यामुळेच टिकून राहते. त्याच्या कानांविषयीही स्कोर्सबीने एक चमत्कारिक गोष्ट नमूद केली. जहाजावरून कोणी मोठ्याने ओरडले, तरी देवमासा त्याकडे लक्ष देत नाही. पण शांत समुद्रात वल्ह्याने पाणी थोडेसे जरी चुबकले, तरी तो सावध होतो.

एवढ्या प्रचंड प्राण्याचे अन्न काय असेल, हा प्रश्न त्याला फार दिवस छळीत होता. ग्रीनलंडच्या देवमाशाला दात नसतात. त्याच्या वरच्या जबड्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे तीनतीनशे लवचिक पट्ट्या झालरीसारख्या लोंबत असतात. देवमासा तोंड उघडून पुढे जातो, तेव्हा पाणी झालरीतून बाहेर पडते आणि बारीक जीव आत अडकून राहतात. गाळणीने चहा गाळावा, तशीच ही योजना होय. उत्तरेच्या समुद्रात काही ठिकाणी पाणी निळे दिसते, तर काही ठिकाणी गढूळ हिरवे. देवमासे विशेषतः हिरव्या पाण्यात आढळतात, हे जुन्या खलाशांना ठाऊक होते. पण असे का, याचा विचार कोणी केला नव्हता. स्कोर्सबीने ते हिरवे पाणी भांड्यात घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्या पाण्याच्या थेंबाथेंबात असंख्य सूक्ष्म जीव दिसले. पाण्याला रंग त्यांच्यामुळेच येत होता. या अतिसूक्ष्म जीवांवर कोळंबीसारखे लहान प्राणी जगतात, आणि त्यांच्यावर देवमासा जगतो, असा उलगडा त्याने केला. अतिप्रचंड जीव हा अतिसूक्ष्म जीवांच्या आधारावर उभा आहे, हे सृष्टीतील एक मोठे रहस्य त्याला अशा रीतीने गवसले.

शिकारीच्या धंद्यात घडणारी प्रत्येक घटना त्याला काही ना काही शिकवून जाई. कधी जखमी झालेला देवमासा अंगात रुतलेल्या भाल्याच्या दोराबरोबर होडीलाही समुद्राच्या तळाकडे ओढून नेई. अशी होडी वर काढली की ती लाकडाची असूनही तरंगत नसे. असे का व्हावे? स्कोर्सबीने लाकडाचे तुकडे शेकडो वाव खोल सोडून पुन्हा वर काढले आणि त्यांचे वजन केले. खोल पाण्याच्या जबरदस्त दाबामुळे लाकडाच्या सूक्ष्म छिद्रांत पाणी शिरते आणि ते लाकूड जड होऊन बुडते, असे त्याला आढळून आले. असा दाब सोसून देवमासा पुन्हा वर येतो, याचे त्याला विलक्षण नवल वाटले.

खोल समुद्रातील पाण्याची उष्णता मोजण्याचीही त्याला उत्कंठा होती. त्यासाठी प्रथम वापरलेले लाकडी साधन पाण्याच्या दाबाखाली टिकेना. म्हणून त्याने पितळेचे भक्कम साधन करविले. त्याच्या साह्याने १८१३ साली त्याने एक अनपेक्षित गोष्ट सिद्ध केली. ध्रुवाकडील समुद्रात वरच्या पाण्यापेक्षा खोलवरचे पाणी अधिक उबदार असते. त्याने हिमकणांचीही चित्रे काढली. जहाजाच्या तक्तपोशीवर पडलेले कण वितळण्यापूर्वी घाईघाईने निरखून त्याने त्यांच्या शेकडा शंभराला थोड्या कमी, म्हणजे ९६ आकृती आपल्या ग्रंथात दिल्या. एकदा त्याने स्वच्छ बर्फाचा तुकडा तासून व हातांच्या उबेने गुळगुळीत करून त्याचे भिंग बनविले आणि त्यातून सूर्याचे किरण एकवटून खलाशांच्या चिलमी पेटवून दिल्या. बर्फातून अग्नी निघालेला पाहून खलाशी आश्चर्याने थक्क झाले.

परंतु या ज्ञानाची दुसरी बाजूही होती. स्कोर्सबी हा विद्यार्थी होता, तसाच तो शिकारीही होता. ज्या प्राण्याचा तो अभ्यास करीत होता, त्याच प्राण्याला मारून त्याच्या जहाजाचा आणि खलाशांच्या कुटुंबांचा चरितार्थ चालत होता. १८११ च्या जून महिन्यात घडलेली घटना त्याने पुढे आपल्या ग्रंथात लिहून ठेवली. त्या वर्षी तो ‘रिझोल्यूशन’चा कप्तान झाला होता. त्याच्या एका भालेकऱ्याने देवमाशाच्या एका पिल्लावर भाला टाकला. पिल्लाला पकडले की आई आपोआप जवळ येईल, असा त्याचा हिशेब होता. तो अगदी बरोबर ठरला. आई तत्काळ होडीजवळ वर आली, तिने पिल्लाला आपल्या पंखाखाली घेतले आणि होडीतील शेकडो फूट दोर ओढून घेत ती वेगाने दूर निघाली. पुन्हा ती वर आली आणि सैरावैरा धावू लागली. भोवती होड्या जमत होत्या, तरी तिला आपल्या जिवाची पर्वा नव्हती. ती पिल्लाला सोडून गेली असती, तर वाचली असती. ती गेली नाही. तिच्या अंगात एकामागून एक भाले रुतले आणि तासाभरात तिने प्राण सोडला.

हे पाहून स्कोर्सबीचे अंतःकरण हेलावून गेले. अपत्यासाठी स्वतःचा जीव देणारी ही माया माणसालाही भूषणावह ठरावी अशी आहे, हे त्याने मान्य केले. मात्र त्याच ठिकाणी त्याने हेही प्रामाणिकपणे नमूद केले की, ज्यासाठी एवढ्या लांबचा प्रवास करावयाचा ते मोलाचे सावज केवळ दयेपोटी कोणी सोडून देत नाही. त्याने आपल्या धंद्याचे समर्थन करण्यासाठी त्या मातेचे दुःख लपविले नाही, आणि स्वतःला दयाळू म्हणवून घेण्यासाठी धंद्यातील कठोरपणाही झाकला नाही. जे घडले ते त्याने जसेच्या तसे लिहिले. शास्त्रज्ञाला लागणारा सत्यनिष्ठेचा गुण येथे जसा दिसतो, तसा तो त्याच्या मोजमापांतही क्वचितच दिसत असेल.

त्याच्या स्वभावात निष्ठेला मोठे स्थान होते. तो अत्यंत धर्मपरायण होता. रविवार हा त्याच्या धर्मात विश्रांतीचा आणि प्रार्थनेचा दिवस. म्हणून त्याच्या जहाजावर त्या दिवशी शिकार बंद असे. समोर देवमासे खेळत आहेत आणि होड्या मात्र जहाजावर टांगलेल्या आहेत, हे पाहून खलाशांच्या मनाची चलबिचल होई. पण कप्तान आपला नेम मोडत नसे.

१८२० साली त्याचा ध्रुवप्रदेशाविषयीचा ग्रंथ एडिंबरो येथे दोन खंडांत प्रसिद्ध झाला. त्यात बर्फ, समुद्र, हवा, प्राणी आणि देवमाशांची शिकार यांची इतकी तपशीलवार माहिती होती की, पुढे अनेक वर्षे या विषयाचा अभ्यास करणारास तो ग्रंथ वाचल्यावाचून गत्यंतर नसे. त्यापूर्वी, १८१७ साली, ग्रीनलंडच्या पूर्वेकडील समुद्र पुष्कळ मोकळा झाल्याचे वर्तमान त्यानेच सर जोसेफ बँक्स यांना कळविले होते. त्यानंतर ब्रिटिश आरमाराने ध्रुवाकडे मोहिमा पाठविल्या; परंतु स्कोर्सबी आरमारातील नसल्यामुळे त्यांचे नेतृत्व त्याला मिळाले नाही. तो निराश झाला असेल, पण स्वस्थ बसला नाही. १८२२ साली ‘बॅफिन’ या आपल्या जहाजावरून शिकारीला गेला असतानाच त्याने ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्याचा सुमारे चारशे मैलांचा भाग पाहून त्याचा नकाशा तयार केला. तेथील एका विशाल खाडीला त्याने आपल्या वडिलांचे नाव दिले. आजही नकाशात ती स्कोर्सबी या नावाने ओळखली जाते.

यशाचा हा नकाशा घेऊन तो मायदेशी परतला, तेव्हा त्याच्या पत्नीच्या निधनाची वार्ता त्याची वाट पाहत होती. या आघाताने त्याच्या आयुष्याची दिशाच बदलली. १८२३ साली त्याने ध्रुवसमुद्राची शेवटची सफर केली आणि मग धर्मसेवेची दीक्षा घेतली. लिव्हरपूल येथे खलाशांसाठी असलेल्या प्रार्थनामंदिरात आणि पुढे ब्रॅडफर्ड या कारखान्यांच्या शहरात त्याने धर्मोपदेशकाचे काम केले. मात्र त्याच्यातील जिज्ञासू विद्यार्थी कायम जागाच राहिला. त्या सुमारास लोखंडी जहाजे बांधली जाऊ लागली होती, आणि लोखंडामुळे होकायंत्राची सुई चुकीची दिशा दाखवी. यामुळे जहाजे खडकांवर आपटून माणसे मृत्युमुखी पडत. हा दोष समजून घेण्यासाठी स्कोर्सबीने चुंबकत्वाचे असंख्य प्रयोग केले. १८५६ साली, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, तो एका लोखंडी जहाजातून थेट ऑस्ट्रेलियापर्यंत जाऊन होकायंत्राचे निरीक्षण करून आला. त्यानंतर थोड्याच महिन्यांनी, २१ मार्च १८५७ रोजी, इंग्लंडमधील टॉर्की या गावी त्याचे निधन झाले.

स्कोर्सबीच्या काळी समुद्रातील देवमासे कधी संपतील असे फारसे कोणाला वाटत नव्हते. परंतु शिकार वाढतच गेली आणि ज्या समुद्रात त्याने शेकडो देवमासे पाहिले होते, तेथे ते दिसेनासे झाले. पुढे माणसाला आपली चूक उमगली. १९४६ साली देवमाशांच्या शिकारीला आळा घालण्यासाठी अनेक राष्ट्रांनी करार केला आणि १९८६ पासून व्यापारासाठी होणाऱ्या शिकारीवर आंतरराष्ट्रीय बंदी आली. भारतातही कायद्याने देवमाशांना संरक्षण दिले आहे. ग्रीनलंडचा देवमासा दोनशे वर्षांहूनही अधिक काळ जगू शकतो, असे अलीकडील संशोधनावरून दिसून आले आहे.

स्कोर्सबीने लिहून ठेवलेली मापे आणि निरीक्षणे आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडतात. कोणत्या समुद्रात किती देवमासे होते, बर्फ कोठवर पसरत होता, पाणी किती थंड होते, या प्रश्नांचा विचार करताना त्याच्या नोंदींकडे वळावे लागते. ज्या हातांनी भाले उचलले, त्याच हातांनी लिहिलेले हे ज्ञान आता देवमाशांच्या रक्षणासाठी कामी येत आहे. थंडीने बोटे आखडली असता आणि भोवताली शिकारीचा गोंधळ चालू असता, जे पाहिले ते त्याच दिवशी खरेखुरे लिहून ठेवण्याचा नेम त्या खलाशाने पाळला. त्याच्या तेलाचे दिवे कधीच विझले. त्याने लिहून ठेवलेल्या सत्याचा प्रकाश मात्र अजूनही टिकून आहे.